युरेनसवरचा एप्रिल

एप्रिल लागला की आमच्या गल्लीत सगळे शिंकतात. कोपरखैरण्यात आमच्या घरांच्या रांगेच्या टोकाला मसाला कुटायचा डंक आहे. वर्षभर तो पत्र्याच्या शेडमध्ये मुकाट उभा असतो आणि एप्रिल आला की सकाळपासून धपधप सुरू होते. बायका डबे घेऊन नंबर लावतात, भाजलेल्या मिरचीचा खकाणा गल्लीभर पसरतो, आणि ज्यांचा मसाल्याशी काडीचा संबंध नाही असे लोकही, दूधवाला, कुरियरवाला, गच्चीवर पाठांतर करणारी मुलं, सगळे शिंकत सुटतात. शेजारचे लोक खिडक्या लावून घेतात. आमच्या घरात मात्र खिडकी लावायची नाही, दार लोटायचं नाही. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, तरी नाही.

"येऊंदे," आई म्हणते. "खकाना परवडला. कोंडून घिऊ नगा."

आणि मला, खोकत खोकत, युरेनस आठवतो.

दहावीची परीक्षा संपली होती आणि निकाल लागायचा होता, त्या मधल्या एप्रिलची ही गोष्ट. तेव्हा आमच्याकडे एकच खोली होती आणि तिच्यावर लाकडी माळा. खाली आई-आण्णा, वर मी. माळ्यावर उभं राहता येत नसे. डोक्याच्या वर वीतभर अंतरावर पत्रा आणि पत्र्यावर सूर्य. पंख्याचा वारा खालच्या खालीच फिरायचा. मी आडवी पडून वाचत असे, कारण बसून वाचायला मान पुरत नव्हती. वाचनालयातून आणलेलं ग्रहांचं एक जाडजूड पुस्तक माझ्या छातीवर असायचं आणि उशाला पत्रकांचे गठ्ठे.

पत्रकं आण्णांची. माझे वडील साताऱ्याकडून पोरवयात इथे आले आणि तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर पोती वाहू लागले. पुढे ते एका कोल्ड स्टोरेजमध्ये लागले. दिवसा पोती वाहायची आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं लिहायची. एका झेरॉक्सवाल्याकडे ती स्वस्तात निघत. वाटून उरलेली माळ्यावर येत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बीजगणित केलं. वर्तुळाची त्रिज्या काढता काढता पान उलटलं की मागे "कामगार बंधू-भगिनींनो!" असायचं. शाळेत बाई म्हणायच्या, हिच्या निबंधात प्रत्येक वाक्य मूठ आवळून उभं असतं. मला ते कौतुक वाटायचं. अजूनही वाटतं.

प्रत्येक पत्रकात मागण्या असत. मजुरी, जेवणाची खोली, स्वेटर, तोंडाला लावायला बरं फडकं. आणि अगदी शेवटी, कागद संपत आला की बारीक अक्षरात एक मागणी: कोल्ड स्टोरेजच्या प्रत्येक खोलीला आतून उघडणारी कडी पाहिजे. ही मागणी कधीच वर गेली नाही आणि कधीच गळलीही नाही. वाचणारे वरच्या तीन-चार ओळी वाचून कागद खिशात घालत. मीही तशीच वाचायचे.

तर तो ग्रह. पुस्तकात युरेनस आणि नेपच्यून या दोघांना बर्फाळ महाकाय ग्रह म्हटलं होतं. त्या पत्र्याखाली, घामाने पानं बोटांना चिकटत असताना, 'बर्फाळ' हा शब्द मी जिभेवर ठेवून चोखायचे. मग पुढची पानं वाचली आणि फसवल्यासारखं झालं. नाव बर्फाचं, पण आपल्या फ्रीजमध्ये असतो तो बर्फ तिथे नाहीच. पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचा दाट, तापलेला रगडा आहे. हजारो अंश तापलेला. वरच्या थरांच्या वजनाखाली तो इतका दाबला गेलाय की उकळून वाफ व्हायचीही त्याला मोकळीक नाही. आणि बाहेरून पाहावं तर फिकट निळसर हिरवा, गुळगुळीत, चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. एकच यान आजवर त्याच्या जवळून गेलं. फोटो काढले आणि पुढे निघून गेलं. फोटोत काही दिसलं नाही म्हणून लोक थोडे नाराजच झाले, असं पुस्तकात होतं. दाबाखाली तापलेल्या वस्तूला बाहेरून पाहून थंड म्हणायची सवय फक्त शास्त्रज्ञांना आहे असं नाही.

अमोनिया मला त्या पुस्तकाच्या कितीतरी आधी भेटला होता. कोल्ड स्टोरेजची यंत्रं अमोनियावर चालतात. आण्णा कामावरून आले की त्यांच्या शर्टाला एक नाकात सुई खुपसावी तसा वास असायचा, त्यावर मिरचीचा, त्यावर घामाचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडलांना असाच वास येतो.

त्या गोदामात बाजारातल्या वस्तू थंड ठेवत. एका खोलीत चिंच, एकीत खजूर, एकीत मनुका. आणि सगळ्यांत मोठी खोली सुक्या मिरचीची. थंडीत मिरचीचा लाल रंग उडत नाही, म्हणून आंध्रातून, कर्नाटकातून आलेली पोती छतापर्यंत रचून ठेवायची. बाहेर तुर्भ्याचं ऊन आणि ट्रकांची धूळ, आत दात वाजवणारी थंडी, आणि त्या थंडीत श्वास घेतला की घशात निखारा. आई तिथे पोती शिवायची. हमाल पोती आपटतात, आकड्याने ओढतात, ती फाटतात. मग दाभण आणि सुतळी घेऊन तिने आत जायचं आणि रचलेल्या पोत्यांच्या थप्पीतल्या थप्पीतच फाटकं पोतं शिवून टाकायचं. आण्णांचा जुना स्वेटर साडीवर चढवून आई आत जायची. आण्णा पोती वाहायचे, आई ती सांधायची. एकाच गोदामात दोघं, पण दिवसभर बोलणं व्हायचं नाही. भेट जेवणाच्या सुट्टीत.

माळ्यावर पडल्या पडल्या मी त्या दोघांना दोन ग्रह देऊन टाकले होते. नेपच्यून सूर्यापासून जास्त दूर. ऊन त्याला फार कमी मिळतं, तरी मिळतं त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता तो बाहेर टाकतो. तो आण्णा. मिळालं किती याचा हिशेब न करता पेटलेले, गेटवर, नाक्यावर, लग्नाच्या पंगतीतही भाषण करणारे. आणि युरेनस, आकाराने जवळपास तेवढाच, पण आतली ऊब बाहेर येऊच देत नाही. का, ते नक्की कुणाला ठाऊक नाही. एक अंदाज असा की आत कुठेतरी एखादा थर आहे आणि तो खालची उष्णता खालीच कोंडून ठेवतो. ती आई. आई बोलायची ती फक्त जेवायला या, पाणी आलंय, झोपा आता. पत्रक वाचून दाखवलं तर ऐकायची आणि म्हणायची, "बरं हाय." मला तिचा राग यायचा. अन्यायावर "बरं हाय" म्हणणारी बाई!

पंधरा-सोळाव्या वर्षी माणसाला ग्रह वाटून टाकायची फार घाई असते.

त्या गोदामात एक रीत होती. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण सगळे पाळत. खोलीच्या दाराबाहेर भिंतीत खिळे ठोकलेले होते. आत जाणाऱ्याने आपली जेवणाची पिशवी खिळ्याला अडकवून आत जायचं. बाहेर आला की पिशवी काढून घ्यायची. शेवटी बाहेर पडणाऱ्याने खिळ्यांकडे बघायचं. खिळे मोकळे म्हणजे खोली मोकळी. मग दिव्याचं बटण बंद करायचं, तेही बाहेरच होतं, आणि तो जाडजूड दरवाजा ढकलून दांडा पाडायचा. दांडा बाहेरून. आतल्या बाजूला नुसता गुळगुळीत पत्रा. कागदावर मागणी होती आणि भिंतीवर खिळे, आणि खिळ्यांनी आजवर कधी दगा दिला नव्हता.

पण त्या वर्षी उन्हाने कहर केला. बाहेर खिळ्याला लावलेल्या पिशवीतली भाजी दुपारपर्यंत आंबू लागली. ताक तर फुगून बाटलीचं झाकण उडवायचं. मग बायकांनी आपसात ठरवलं नाही की काही नाही, एकीने केलं ते दुसरीने केलं. पिशव्या खिळ्याला न लावता आत नेऊ लागल्या. थंडीत ठेवायच्या, जेवायच्या वेळी बाहेर आणायच्या. आई रोज आण्णांसाठी ताकाची बाटली नेत असे. आण्णा दुपारी ते प्यायचे आणि घरी येऊन मला सांगायचे, "आज ताक काय गार हुतं म्हनतीस! फ्रीजात ठेवल्यागत." ताक गार कशामुळे होतं, हे त्यांनी विचारलं नाही. गार ताक मिळालं की माणूस विचारत नाही.

त्या दुपारी आण्णा मिरचीच्या खोलीतून शेवटचे बाहेर पडले. त्यांनी खिळ्यांकडे बघितलं. कधी बघायचं चुकवलं नाही त्यांनी, त्या दिवशीही नाही. खिळे मोकळे होते. त्यांनी दिवा बंद केला, दरवाजा ढकलला, दांडा पाडला.

आई आत होती. थप्पीच्या मागे, फाटक्या पोत्याशी. पिशवी तिच्या पायाशी होती.

युरेनसला जमीन नाही. म्हणजे ढगांतून खाली खाली गेलात तर एखाद्या ठिकाणी पाय टेकतील असं नाही. हवा दाट होत जाते, मग आणखी दाट, मग तो तापलेला रगडा, पण इथे हवा संपली आणि इथे तळ लागला अशी रेघ कुठेच नाही. पाय रोवायलाच जागा नसेल तर माणूस कशाच्या आधाराने ढकलेल? आणि काय ढकलेल?

आईने दार ढकललं होतं. नंतर, फार नंतर, तिने तुकड्या-तुकड्याने सांगितलं. डाळ निवडताना एक तुकडा, केस विंचरताना एक. "अंधार म्हंजी, डोळं उघडं हायेत का मिटल्यालं तेच कळंना." "वरडाया तोंड उघडलं की मिरची घशात. खोकल्यानंच जीव जायाचा." "पत्र्यावर थापा मारल्या, तर हातच गार पडाया लागलं." मग तिने काय केलं? ती थप्पीला हात लावत लावत परत आपल्या जागी गेली, दाभण चाचपडून उचललं आणि शिवत बसली.

"अंधारात?"

"मग काय करू? बोटं चालती ऱ्हायली तर ऱ्हायली."

बाहेर शेडमध्ये सगळे जेवायला बसले होते. आण्णांनी भाकरी मोडली, दोन घास खाल्ले आणि ताकासाठी हात पुढे केला. ताक आलं नव्हतं. "शालन कुटं हाय?" त्यांनी विचारलं. शेजारी हिराबाई बसलेली, खाडीकाठच्या गावची, आईची जोडीदारीण. ती म्हणाली, "पिशवी घेऊन आत गेलेली ना ती, सकालच्याला." पिशवी घेऊन आत. हिराबाई सांगते की आण्णा उठले ते ताटलीत पाय देऊन उठले.

दार उघडलं, दिवा लागला. आई पोत्याला टेकून बसलेली, ओठ निळे, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, हातात दाभण. उभी राहायला गेली तर उभी राहता येईना. अंधारात तिने पोत्याबरोबर स्वतःचा पदरही शिवून टाकला होता. चांगली घट्ट, जवळ जवळ टाक्यांची शिवण. सुतळी सुटेना म्हणून शेवटी पदराचा तुकडाच कापावा लागला. बायका रडत होत्या आणि हिराबाईने नाक पुसत पुसत म्हटलं, "काय गो शालन, मिरचीशी लगीन लावलंस का काय? गाठ तर चांगली मारलीस!" तेव्हा म्हणे आई हसली. हसताना पुन्हा खोकला.

पदराचा तो तुकडा त्या पोत्यावरच राहिला. पोतं पुढे कुठल्या तरी गावात कुठल्या तरी डंकावर गेलं असेल.

मला वाटलं, आता आण्णा पेटतील. मी वाटच बघत होते. मी माळ्यावरून गठ्ठ्यातले कोरे कागद काढून ठेवले, पेनं चालतात का बघितलं. मनात मीच अर्धं पत्रक लिहून टाकलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने सगळ्यांसमोर आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. ओरडला नाही. मायेनेच बोलला. "आण्णा, झालं ते वाईट झालं. पण दार तर तुमीच लावलं ना? मग आता पत्रक कुणाच्या विरोधात काढणार, स्वतःच्या? नवरा-बायकोतली गोष्ट आहे, घरातच ठेवा. उगाच टेन्शन नका घेऊ." दोघं-तिघं हसले. आण्णा हसले नाहीत, पोतं उचलून चालू लागले.

ते घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

तो ऋतू मला असा आठवतो: एक खोली, खाली आण्णांची पाठ, आईचा खोकला, वर मी आणि पत्रा. खिडकीतून डंकाची धपधप. कुणी कुणाशी बोलत नाही. रोज तीच आमटी, तीच भाकरी, तीच पाठ. माळ्यावरून खाली उतरायचं तर त्या पाठीला ओलांडून उतरावं लागे, म्हणून मी उतरायचेच नाही. बाहेर सगळं शहर होतं, सीवूड्सच्या खाडीत फ्लेमिंगो आले होते, मैत्रिणी बघायला चालल्या होत्या आणि मला बोलवून गेल्या. मी गेले नाही. घरातून कुणी बाहेर गेलं तर मागे राहिलेल्यांवर दार पडेल, असं काहीतरी मला वाटत असावं.

एकदा मात्र मी माळ्यावरूनच ओरडले, "लिहा ना आण्णा! गप्प काय बसलाय?"

"काय लिवू?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

इतकी पत्रकं उशाला घेऊन झोपणाऱ्या मला एक वाक्य सुचलं नाही. दार कुणी लावलं, हा प्रश्न त्या माणसाने इतक्या प्रेमाने आमच्या घरात आणून ठेवला होता की आत कडी का नव्हती, हा प्रश्न बाहेरच राहिला. ही युक्ती मी नंतर फार ठिकाणी पाहिली. माणसाला त्याच्याच अपराधात कोंडायचं आणि बाहेरून दांडा पाडायचा. तिथे पहारेकरीही ठेवावा लागत नाही.

पुस्तकात होतं की युरेनस आडवा पडून फिरतो. बाकीचे ग्रह थोडेफार कललेले असले तरी भोवऱ्यासारखे उभे, हा मात्र कुशीवर. फार पूर्वी कशाची तरी जबर धडक बसली असावी आणि तो लवंडला तो पुन्हा उठलाच नाही, असं मानतात. मी ते वाचलं आणि खाली भिंतीशी पडलेल्या आण्णांकडे पाहिलं. माझे ग्रह चुकले होते.

आणि दुसरी गोष्टही पुस्तकातच होती. नेपच्यून आधी कुणाला दुर्बिणीतून सापडला नाही. युरेनस ठरलेल्या वाटेवरून जरासा ढळतोय एवढंच दिसत होतं. म्हणजे पलीकडून कुणीतरी त्याला ओढतंय. न दिसणारं कुणीतरी, तेवढंच जड. मग गणिताने जागा सांगितली, तिकडे पाहिलं, तर ग्रह होता. आण्णा मागण्या लिहायचे तेव्हा शेवटच्या ओळीतली कडी कोण लिहायला लावत असे, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या एप्रिलमध्ये विचारलं. आण्णा म्हणाले, "तुजी आई. दरखेपी. म्हनायची, तेवडं एक घाला."

खोकला जरा उतरला तशी आई कामावर गेली. जाताना मला म्हणाली, "दुपारी ताक तू घिऊन ये. मी भाईरच हाय आज."

मी बाटली घेऊन गेले तेव्हा गोदामात दंगा चालू होता. मिरचीच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि उंबऱ्यात मधोमध आई बसलेली. मांडीवर फाटकं पोतं, हातात दाभण. तिची पिशवी खिळ्याला होती. दार लावायचं म्हटलं तर आईला उचलूनच लावावं लागलं असतं. माझ्या पायांवरून थंडी वाहत बाहेर जात होती, मिरचीच्या वासाची, आणि पुढे उन्हात जाऊन तिची नुसती वाफ होत होती.

सुपरवायझर घामाघूम. "अहो मावशी, आत बसून शिवा ना. सगळी थंडी बाहेर चाललीय!"

"जाऊंदे की," आई म्हणाली. डोकं वर न करता. "मी आत हुते तवा कुटं चालली हुती?"

"लाइटबिल कोण भरणार? माल खराब होईल!"

"मिरची न्हाई खराब हुत इतक्यात. मानूस हुतंय."

"आण्णा!" सुपरवायझर वळला. "बायकोला सांगा जरा!"

आण्णा पाठीवर पोतं घेऊन तिथेच उभे होते. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मीही. पोत्याखाली वाकलेला माणूस मान वर करून काही सांगू शकत नाही, त्याला आधी पोतं तरी टाकावं लागतं. आण्णांनी टाकलं. उंबऱ्यातच, आईच्या शेजारी, दाराच्या वाटेत. आणि बाजूला उभे राहिले. हिराबाईने पदर खोचला, त्या पोत्यावर बैठक मारली आणि म्हणाली, "चला, मी पन बसतंय. सकालपास्ना पाय दुखतान."

ऊन उतरायच्या आत फिटर ड्रिल घेऊन आला. आतल्या गुळगुळीत पत्र्याला भोक पडलं, दांड्याला जोडणारी लोखंडी मूठ बसली. सुपरवायझर म्हणाला, झालं समाधान? आई उठली, गुडघे चोळले आणि आत गेली. आतून आण्णांना म्हणाली, "लावा दार."

आण्णा हलले नाहीत.

"लावा म्हनते न्हवं."

"शालन, दुसऱ्या कुनाला..."

"तुमीच लावा."

त्यांनी दार ढकललं. दांडा पडला तो आवाज मला अजून ऐकू येतो, जाड, ओला. मग काही नाही. ड्रिलवाला थांबलेला, हिराबाईचा हात तोंडावर, आण्णांचा तळहात दारावर तसाच टेकलेला. मी ताकाची बाटली छातीशी धरून उभी होते आणि ती गरम झालेली होती. मग दांडा आपोआप वर उचलला गेल्यासारखा उचलला गेला, दार आण्णांच्या हाताला लागून उघडलं आणि आत आई.

"उघडतंय," ती म्हणाली, आणि कामाला लागली.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती सभेत सांगितली असती. पण मूठ बसली ती त्या एकाच दाराला. बाकीच्या खोल्यांचं पुढच्या महिन्यात बघू, असं ठरलं. पुढच्या महिन्यात मिरचीचा हंगाम सरला, काही बायकांना कमी केलं, पाऊस आला. आईचा खोकला राहिला तो राहिलाच, वर्षा-दोन वर्षांत तिने काम सोडलं. आणि आण्णांनी त्यानंतर एकही पत्रक लिहिलं नाही. कुणी मागायला आलं तर म्हणायचे, "आता तुमी पोरं लिवा." मी लिहू लागले. कॉलेजात लिहिलं, नोकरीत लिहिलं. माझ्या कंपनीत दारं कार्डाने उघडतात आणि कार्ड कधी चालेल ते कंपनी ठरवते, त्यावरही लिहिलं. पण आमच्या घरातला तो विषय मी लिहू शकले नाही. तो माझा नव्हता.

युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला चौऱ्याऐंशी वर्षं लागतात. त्यामुळे तिथला एकेक ऋतू एकवीस वर्षांचा. मी पहिलीत असताना तिथे जो ऋतू लागला तो अजून संपलेला नाही. माझी दहावी त्याच ऋतूत, आईचं कोंडणं त्याच ऋतूत, माझी पहिली नोकरी त्याच ऋतूत. आपल्याकडे एप्रिल येतो आणि जातो, आंबे येतात, निकाल लागतात, आणि आपण म्हणतो, गेलं ते वर्ष. आमच्या घरात ते गेलं नव्हतं. आमच्या घरात दार-खिडकी उघडी होती आणि तरी एक माणूस आत होता.

या एप्रिलमध्ये आण्णा एका संध्याकाळी कामावरून आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "चिंचंच्या खोलीत एकजन अडाकला हुता."

आईच्या हातातली पळी थांबली. "हाय न्हवं?"

"हाय. निघाला. ज्यानं दार लावलं तो पोरगा कोपऱ्यात बसून रडतोय. साहेब त्याला सांगतोय, तूच लावलंस, आता गप ऱ्हा."

रविवारी सकाळी डंक धपधपत होता. आण्णांनी माझ्याकडे कागद मागितला. मी म्हटलं, मी लिहिते, तुम्ही सांगा. "तू न्हाई," ते म्हणाले. चष्मा लावला, पाट मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ पेन नुसतं धरून बसले. उघड्या दारातून खकाणा येत होता. ते शिंकले, मी शिंकले, आतून आई शिंकली. मग त्यांनी लिहिलं. एकच ओळ. कागद आईकडे सरकवला. आई एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचते, तसं तिने वाचलं. मग म्हणाली, "आता त्याखाली लिवा, आतनं कडी नव्हती."

"आनि बाकीच्या मागन्या?"

"बाकीच्या लिवूच नगा."

सोमवारी मी रजा टाकली, झेरॉक्सचा गठ्ठा आईने घेतला आणि आम्ही तिघं गेलो. गेटवर नवा वॉचमन होता. त्याने आईला अडवलं. "मावशी, कामाला आलात?"

"न्हाई," आई म्हणाली. "वाटाया."

पाळी बदलत होती. आत जाणारे, बाहेर येणारे, सगळे गेटपाशी घुटमळले. तो रडणारा मुलगा कोणता ते मी शोधत होते, पण अशा वेळी सगळ्यांचेच चेहरे सारखे दिसतात, फिकट आणि गुळगुळीत. सुपरवायझर आता म्हातारा झालाय, तोही येऊन उभा राहिला. आण्णांनी कागद डोळ्यांसमोर धरला. इतक्या वर्षांत त्यांचा गेटवरचा आवाज मी ऐकला नव्हता. त्यांनी घसा खाकरला.

"दार मी लावलं हुतं," त्यांनी वाचलं.

आण्णांनी कागद खाली घेतला. आईने गठ्ठा काखेत मारला, एक पाऊल पुढे येऊन त्यांच्या कोपराला हात लावला.

"म्होरं वाचा," ती म्हणाली.